लर्निंगची टेस्ट वेगळी, पक्क्याची वेगळी

भाचीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, टेस्ट पास झाले! पंधरापैकी तेरा बरोबर. शनिवारी तुझी गाडी दे ना." ती घाटकोपरला स्वतःच्या खोलीत बसून, संगणकावर उत्तरं देऊन पास झाली होती. तिला मनापासून वाटत होतं की लायसन्सची परीक्षा संपली. अशी गल्लत मी कितीतरी घरांत पाहिली आहे, कारण दोन्हींना आपण 'टेस्ट'च म्हणतो.

तिने दिली ती शिकाऊ लायसन्सची परीक्षा. महाराष्ट्रात 2021 पासून ती आधारच्या ओळखीवर घरूनही देता येते. त्यात रस्त्यावरची चिन्हं, सिग्नल, अपघात झाला तर चालकाने काय करायचं, फाटकवाला नसलेलं रेल्वे फाटक कसं ओलांडायचं, गाडीत कोणती कागदपत्रं ठेवायची, असं विचारतात. 15 प्रश्नांपैकी 9 बरोबर आले की पास. ही परीक्षा सोपी आहे म्हणून ती दुसऱ्या कुणाकडून सोडवून घेणारे असतात, त्याचा मला राग येतो. त्या चिन्हांचा अर्थ ज्याला माहीत नाही, तोच उद्या शाळेसमोरून गाडी नेणार असतो.

या परीक्षेतून मिळते ती शिकण्याची परवानगी, तीही 6 महिन्यांची. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवायचा. म्हणजे शनिवारी गाडी द्यायची तर मला शेजारी बसणं भागच होतं.

पक्क्याची टेस्ट शिकाऊ लायसन्स मिळून 30 दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. मुंबईत ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली ही आरटीओची ठिकाणं. तिथे परीक्षा घेतात ते मोटार वाहन निरीक्षक. प्रश्नपत्रिका नसते, ते तुम्हाला चालवताना पाहतात. काय पाहायचं हे त्यांच्या मर्जीवर नसतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 15 व्या नियमात यादीच आहे, आणि तिची सुरुवात होते आरसा नीट लावण्यापासून. मग गाडी सुरू करण्याआधीची काळजी, धक्का न देता निघणं, गिअर चढवत नेणं आणि वेळ पडली की भराभर उतरवणं. आरशात बघून मगच इशारा देणं. अरुंद जागेत रिव्हर्स घेणं. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला वाट देणं. आणि चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणं. दुचाकीवाल्यांचं लक्ष 8 काढताना पाय टेकू नये यावरच असतं, पण इशारे आणि मागे बघणं त्यांनाही चुकलेलं नाही.

भाचीची गाडी अडली ती चढावर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. इतके दिवस हिचा क्लच निम्मा तेच सांभाळत होते आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता. 'छान जमतंय' एवढंच ती ऐकत आली होती. टेस्टच्या दिवशी शेजारी निरीक्षक बसले. त्यांनी पाय आखडून घेतले आणि गाडी चढावर हातभर मागे आली. शिवाय तिच्या आधी बसलेला मुलगा उंच होता. त्याने लावलेल्या आरशात तिला मागच्या काचेऐवजी गाडीचं छत दिसत होतं, आणि ती तशीच निघाली होती. निरीक्षक त्यावर एक शब्द बोलले नाहीत, कागदावर लिहीत राहिले. शिकवणारा चूक झाली की ओरडतो. परीक्षा घेणारा गप्प बसतो, कारण सूचना मिळाल्यावर केलेली गोष्ट तुमची धरता येत नाही. ही शांतता नव्या माणसाला खूप घाबरवते. ते रागावलेत असं समजून मुलं आणखी चुकतात.

नापास झालं की 7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. आम्ही ते सात दिवस आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर काढले, सकाळी सहाला, गाड्या बाहेर पडायच्या आत. हँडब्रेक ओढलेला. क्लच हळूहळू वर सोडायचा, बॉनेट जरा उचलल्यासारखं होतं आणि इंजिनाचा आवाज जड होतो. तो आवाज ऐकू आला की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक खाली. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. चौथ्या दिवशी तिने मला बोलू नकोस म्हणून सांगितलं.

दुसऱ्या वेळी मी कुंपणाबाहेरून पाहत होते. ती बसली, सीट पुढे ओढली, मग मधला आरसा धरून तीनदा इकडेतिकडे केला. पट्टा लावला. मागे रांगेतला कुणीतरी 'चला ना ताई' म्हणाला, तरी ती तिच्याच वेगाने निघाली. चढावर गाडी थांबली, इंजिन किंचित घुमलं आणि पुढे गेली. निरीक्षक या वेळीही काहीच बोलले नाहीत. उतरताना पुढच्या मुलाला हाताने बोलावलं, एवढंच.