मोबाईलपण एफ १.८, लेन्सपण एफ १.८, मग बोहल्यावरचा फोटो वेगळा का येतो?

आमच्या शेजारचा पोरगा, इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या ताईचं लग्न ठरलंय मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. परवा आला आणि माझ्या हातातली लेन्स उलटीपालटी करून बघत म्हणाला, "काका, हिच्यावर एफ १.८ लिहिलंय, माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यालापण एफ १.८ च आहे की, मग तुम्ही एवढं वजन गळ्यात अडकवून कशाला फिरताय?" प्रश्न एक नंबर होता. तिथल्या तिथं जमेल तसं उत्तर दिलं पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

एफ १.८ हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे. लेन्सची फोकल लेन्थ (ढोबळमानानं लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपर्यंतचं अंतर) भागिले ती जिथनं उजेड आत घेते त्या भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८ ने भागलं की साधारण २८ मिलिमीटर येतात, म्हणजे दहा रुपयाच्या नाण्याएवढं भोक. मोबाईलच्या मेन कॅमेऱ्याची खरी फोकल लेन्थ असते सहा-सात मिलिमीटर, तिला १.८ ने भागा, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ज्वारीचा दाणा. आकडा तोच, पण एकीकडं नाणं आणि एकीकडं दाणा.

मग दोन्हीला सारखाच नंबर कशासाठी? प्रोजेक्टर भिंतीपासून लांब नेला की चित्र मोठं होतं आणि फिकं पडतं, हे सगळ्यांनी बघितलंय. लेन्सचंही तसंच, फोकल लेन्थ वाढली की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. भोक मोठं झाल्यामुळं जेवढं कमावलं तेवढं पसरण्यात गेलं, म्हणून दोन्हीचा भागाकार सारखा असला की सेन्सरच्या एका चौरस मिलिमीटरवर पडणारा उजेड सारखाच. पण मोठ्या कॅमेऱ्यातला, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर असतो ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर, आणि चांगल्या मोबाईलचा पन्नासच्या आसपास. अंगणात पडणारा पाऊस आणि अंगणात ठेवलेल्या वाटीत पडणारा पाऊस, सर एकच असते, साठलेलं पाणी वेगळं.

पावसाचं नाव निघालंच आहे तर मला या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते ती सांगतो. मे महिन्यातला आपला वळीव आठवा. दुपारभर उकडलेलं असतं, मग आभाळ भरून येतं आणि पहिले टपोरे थेंब शहाबादी फरशीवर पडायला लागतात. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात नीट बघा, एका फरशीवर तीन थेंब, शेजारचीवर सात, एक मधलीच कोरडी ठणठणीत. पाऊस तर सगळ्या फरशांवर सारखाच पडतोय, तरी अंगण ठिपक्या ठिपक्यांचं दिसतं, आणि पंधरा मिनिटांनी तेच अंगण एकसारखं ओलं होतं कारण आता प्रत्येक फरशीवर हजारो थेंब झालेत आणि त्यातला कमीजास्तपणा डोळ्याला कळेनासा झाला.

उजेडपण असाच थेंबाथेंबानं येतो. १९०५ साली आईनस्टाईननं हे मांडलं, प्रकाश पुड्यापुड्यांनी येतो असं धरलं तरच त्याच्यामुळं धातूतनं इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात ते समजतं, आणि १९२१ चं नोबेल त्याला मिळालं ते यासाठी, सापेक्षतावादासाठी नव्हे. या पुड्यांना आपण फोटॉन म्हणतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर फरशांसारखे कोट्यवधी चौकोन असतात, पिक्सेल, आणि शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक चौकोन आपल्यावर किती फोटॉन पडले ते मोजतो. गणित असं आहे की सरासरी जेवढे थेंब, त्याच्या वर्गमुळाएवढी चूकभूल. सरासरी १०,००० फोटॉन असतील तर १०० इकडंतिकडं, म्हणजे फक्त १ टक्का. सरासरी २५ असतील तर ५ इकडंतिकडं, म्हणजे २० टक्के! आता समजा नवरीच्या हातातल्या पांढऱ्या फुलांच्या चौकोनांवर १०,००० पडले आणि नवऱ्याच्या काळ्या कोटावर २५, तर फुलं स्वच्छ येणार आणि कोट वाळू शिंपडल्यागत दिसणार. अंधाऱ्या फोटोत जे दाणे दिसतात त्यातले बरेचसे असे खुद्द उजेडातनंच आलेले असतात, भारीतला भारी कॅमेरापण ते थांबवू शकत नाही.

आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यातलं फोटो उजळ करायचं सेटिंग, आणि म्हणूनच "आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त उजेड पकडतो" हे जे सगळीकडं ऐकू येतं ते चूक आहे. आयएसओ वाढवणं म्हणजे कर्ण्याचा आवाज वाढवणं, बोलणारा पुटपुटत असेल तर त्याचं पुटपुटणंच मोठ्यानं ऐकू येणार. थेंब वाढवायचे तर तीनच वाटा, हॉलमधला उजेड वाढवा, शटर जास्त वेळ उघडं ठेवा, नाहीतर भोक मोठं करा. मेगापिक्सेल वाढवणं म्हणजे त्याच अंगणात जास्त फरशा बसवणं, त्यानं पाऊस वाढत नाही, आणि तरी जाहिराती सगळ्या मेगापिक्सेलच्याच.

आता हॉलचं बघू. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या बातम्यांमुळं लक्स, म्हणजे उजेड मोजायचं माप, हा शब्द आम्हा कोल्हापूरकरांना नवीन नाही. दुपारच्या कडक उन्हात साधारण १ लाख लक्स असतात, आणि बोहल्यावर एरवी झगमगाट वाटला तरी चेहऱ्यावर बऱ्याचदा दीडशेच्या आसपास. इथं आयएसओ ३२०० वर कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स झूम करून एफ ५.६ ला वापरली तर शटर मिळतो १/६० सेकंद. आकडा लहान तेवढं भोक मोठं, म्हणून एफ २.८ ला १/२५०, एफ १.८ ला जवळपास १/६००. मंगलाष्टका संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, हार घालायला हात वर जातात, यातलं काहीच १/६० ला थांबत नाही. लेन्समधला स्टॅबिलायझर आपला हात थरथरला तर सांभाळून घेतो, नवरीचा हात तो थांबवू शकत नाही. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळनं जाताना मला नेहमी वाटतं, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला तेव्हा फिल्मला सूर्यच लागायचा, आणि आपण रात्री आठला हॉलमध्ये शूटिंग करतोय, केवढी मजल आहे ही!

मोठ्या भोकाची किंमतही मोजावी लागते. ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.८, नवरी दोन मीटरवर, तर शार्प दिसणारा पट्टा फक्त ६ सेंटिमीटरचा असतो. ती समोर बघत असेल तर नथ आणि डोळे लख्ख, पण कानातले झुबे पुसट. एकटीच्या फोटोत हे फार सुंदर दिसतं, पण नवरा-नवरी दोघं हवे असले की फसगत होते, म्हणून अंतरपाटाच्या बरोबर कडेला उभं राहायचं, दोघंही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात. तिरकं उभं राहायची वेळ आली तर एफ २.८ किंवा ४ ला जायचं आणि दाणे सोसायचे. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ३५ आणि ८५, दोन्ही एफ १.८ च्या घ्या, कॅमेऱ्याची बॉडी जुनी असली तरी चालेल. ७०-२०० एफ २.८ ही झूम लेन्स मोठ्या लॉनवर भाड्यानं आणा, किलो-दीड किलोचं ते धूड रोज लागत नाही.

अजून एक गोष्ट, मला मनापासून खटकते म्हणून. होमाच्या वेळच्या फोटोंत कधीकधी हवेत पांढरे गोल दिसतात आणि मग व्हॉट्सॲपवर फिरतं की वारलेले आजोबा आशीर्वाद द्यायला आले. आजोबांची आठवण येणं अगदी खरं आहे, ते गोल मात्र धुळीचे असतात. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की लेन्ससमोरचे धुळीचे आणि राखेचे कण चमकतात, आणि फोकसच्या बाहेर असल्यामुळं त्यांचे गोल होतात. फ्लॅश हातभर लांब धरा, बहुतेक गोल गायब होतील. यावरनं घरात शांत घालायला लावणारेही मी बघितलेत, त्यांना पैसे देऊ नका.

शेवटचं एलईडीचं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/६०० ला कॅमेऱ्याला कळतं, आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर (जो पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीनं वाचतो) लावला असेल तर चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे येतात, जे नंतर काढता काढता जीव जातो. म्हणून मुहूर्ताच्या तासभर आधी जाऊन डेकोरेशनवाल्याला सगळे लाईट लावायला सांगा, मेकॅनिकल शटर लावा, अँटी-फ्लिकर, म्हणजे लाईटच्या कमीजास्त होण्याशी जुळवून घ्यायची सोय, असेल तर चालू करा, बोहल्यावर कुणालातरी उभं करून १/२५० ला दहा फोटो काढा आणि झूम करून बघा. तरी पट्टे दिसले तर १/१०० वर या, त्यात उजेडाची एक पूर्ण लहर बसते, हार घालणारे हात थोडे पुसट आले तरी चेहरा स्वच्छ येतो.