ताशी शंभर किलो: २०१४ च्या हायब्रिड विजेतेपदाची पार्श्वभूमी

मर्सिडीज संघातल्याच दोन चालकांची, लुइस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग यांची, २०१४ ची झुंज समजून घ्यायची तर एक आकडा आधी डोक्यात पक्का करावा लागतो: ताशी १०० किलो. फॉर्म्युला वनच्या इंजिनात यापेक्षा जास्त वेगाने पेट्रोल सोडायचं नाही, आणि अख्ख्या शर्यतीसाठी मिळूनही १०० किलोच, असा नवा नियम त्या वर्षी आला. शर्यत साधारण दीड तास चालते. म्हणजे सतत पूर्ण प्रवाहाने चालवली तर गाडीला १५० किलो लागतील. ब्रेक लावताना आणि वळणात खप कमी होतो म्हणून १०० किलोत भागतं, पण जेमतेम. आदल्या वर्षी पेट्रोलवर असं कुठलंच बंधन नव्हतं. मर्यादा होती ती इंजिनाच्या आकारावर आणि आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर: २.४ लिटरचं व्ही-८ (व्हीच्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर), कमाल १८,००० आरपीएम.

विजेची मदत त्याआधीही होती. २००९ मध्ये केर्स आलं. ब्रेक लावताना वाया जाणारी गती साठवायची आणि प्रत्येक लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, ४०० किलोज्यूल परत वापरायची. मोटर ६० किलोवॉटची, म्हणजे सुमारे ८० अश्वशक्ती. भागाकार केला तर पावणेसात सेकंदांच्या आतच मदत संपते. यंत्रणेच्या वजनामुळे गाडीचा तोल साधणं अवघड जाई, म्हणून त्या वर्षी बहुतेक संघांनी ती बसवलीच नाही. हंगेरीत हॅमिल्टनने मॅक्लारेनमधून केर्सच्या गाडीचा पहिला विजय मिळवला. २०१० मध्ये संघांनी आपसात ठरवून केर्स बाजूला ठेवलं आणि २०११ मध्ये ते परत आलं. नव्या इंजिनासाठी खेळाची नियामक संस्था एफआयएने आधी २०१३ आणि चार सिलिंडर असा बेत केला होता. फेरारीने त्याला उघड विरोध केला. शेवटी १.६ लिटर, व्ही-६, टर्बो (धुराड्यातल्या वायूने टर्बाइन फिरवून कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) आणि २०१४ यावर एकमत झालं.

या इंजिनाला दोन मोटरी होत्या. एमजीयू-के क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेली, १२० किलोवॉटची. ती ब्रेकिंगमधून वीज बनवते आणि चाकांना जोरही देते. बॅटरीतून तिला लॅपमागे ४ मेगाज्यूल देता येतात, म्हणजे सुमारे ३३ सेकंदांची पूर्ण ताकद. मात्र तिने बॅटरीत भरायची मर्यादा २ मेगाज्यूल. उरलेली तूट भरून काढते दुसरी मोटर, एमजीयू-एच. ही टर्बोच्या दांड्यावर बसते, तिला १,२५,००० आरपीएमपर्यंत फिरायची मुभा होती, आणि धुराड्यातून निघणाऱ्या वायूतून ती वीज काढते. तिच्यावर ऊर्जेची मर्यादाच नव्हती. तिची वीज बॅटरीला वळसा घालून थेट एमजीयू-केला देता येत असे, आणि ती ४ मेगाज्यूलच्या हिशेबात धरली जात नसे. माझ्या मते सगळ्या नियमावलीत सर्वांत मोलाची ओळ हीच होती. ज्याला ती नीट वापरता आली, त्याची गाडी सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत १६० अश्वशक्ती जास्त घेऊन धावली. शिवाय वळणातून बाहेर पडताना हीच मोटर टर्बोला आधीच फिरवून ठेवते, त्यामुळे टर्बो वेग घेईपर्यंतचा उशीर जवळजवळ नाहीसा होतो.

आरपीएमचं कागदावरचं बंधन १५,००० होतं, पण तिथवर कोणी जात नसे. पेट्रोलचा पूर्ण प्रवाह १०,५०० ला मिळतो आणि त्यापुढे तो वाढत नाही. तेवढंच पेट्रोल जास्त आरपीएमला जाळलं तर फक्त घर्षण वाढतं. आवाज उतरला तो बऱ्याच अंशी याच कारणाने, आणि टर्बाइन वायूतली ऊर्जा आधीच शोषून घेते म्हणूनही.

मर्सिडीजच्या इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थ इंजिन कारखान्याने अँडी कॉवेल यांच्या देखरेखीखाली टर्बोचे दोन तुकडे केले. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे, टर्बाइन मागे, मधला दांडा व्हीच्या पोटातून, आणि त्यावर एमजीयू-एच. तापलेल्या टर्बाइनपासून कॉम्प्रेसर दूर गेला की हवा कमी तापते, ती थंड करणारा इंटरकूलर लहान चालतो, नळ्या आखूड होतात आणि गाडीची बाजू निमुळती ठेवता येते. अडचण एवढीच की लांब दांडा लाखभर आरपीएमला कंप पावतो आणि बेअरिंग खातो. तो कंप आवरणं हेच खरं काम होतं. फेरारी आणि रेनॉ यांनी कॉम्प्रेसर व टर्बाइन दोन्ही इंजिनाच्या मागेच ठेवले. होंडानेही पुढे २०१७ मध्ये मर्सिडीजसारखी विभागलेली मांडणी स्वीकारली.

जानेवारीतल्या स्पेनमधल्या हेरेथच्या चाचणीतच अंतर दिसलं. चार दिवसांत मर्सिडीजच्या ३०९ लॅप झाल्या, तर रेनॉ इंजिनाच्या रेड बुलच्या अवघ्या २१. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत रेड बुलचा डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि ताशी १०० किलोची मर्यादा ओलांडली म्हणून बाद ठरला. पेट्रोलचा प्रवाह मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर चुकीचा आकडा दाखवतो, असं म्हणून रेड बुलने स्वतःच्या गणितावर भरवसा ठेवला होता. अपिलातही निकाल बदलला नाही. त्याच शर्यतीत हॅमिल्टनचा एक सिलिंडर बंद पडला आणि तो पहिल्या काही लॅपमध्येच बाहेर गेला.

नव्या यंत्रणेचा खरा स्वभाव कळला तो कॅनडात. मध्यावर दोन्ही मर्सिडीजच्या उच्च विद्युतदाबाच्या नियंत्रक इलेक्ट्रॉनिक्सचं तापमान वाढलं आणि एमजीयू-के बंद झाली. १६० अश्वशक्ती गेली, हे नुकसान झालंच. त्याहून मोठा घाव ब्रेकवर बसला. २०१४ मध्ये मागच्या ब्रेकचं बरंचसं काम एमजीयू-के करू लागली, म्हणून संघांनी मागच्या डिस्क लहान केल्या होत्या आणि मागच्या ब्रेकचा दाब संगणक ठरवत होता. मोटर गेल्यावर सगळा भार त्या लहान डिस्कवर आला. माँट्रियलमध्ये तर लांब सरळ रस्ता संपला की कडक ब्रेक, असंच सतत चालतं. हॅमिल्टनचे मागचे ब्रेक जळाले आणि तो बाहेर पडला. रोझबर्गने ब्रेकचा भार पुढच्या चाकांकडे सरकवून गाडी सांभाळली. अखेरच्या काही लॅपमध्ये रिकार्डोने त्याला गाठून कारकिर्दीतला पहिला विजय घेतला, तरी दुसऱ्या क्रमांकाचे १८ गुण रोझबर्गच्या पदरात पडले.

मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. गाडी एकच असल्यावर फरक पाडायला उरतात चालक आणि बिघाड. हंगेरीत पात्रता फेरीत पेट्रोल गळून हॅमिल्टनच्या गाडीने पेट घेतला. पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, निघून तो तिसरा आला. सिल्व्हरस्टोनला रोझबर्गचा गिअरबॉक्स गेला, सिंगापूरला त्याच्या स्टिअरिंगच्या वायरिंगने दगा दिला. स्पामध्ये दुसऱ्याच लॅपला दोघे एकमेकांवर आदळले. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण होते आणि हॅमिल्टन १७ गुणांनी पुढे. तिथे रोझबर्गची विजेची यंत्रणा बंद पडली, तो १४ वा आला, आणि ३८४ विरुद्ध ३१७ असा हिशेब संपला. शर्यती जिंकण्यात हॅमिल्टन ११–५ असा पुढे होता, पात्रता फेरीत अव्वल येण्यात मात्र रोझबर्ग ११–७ असा.

हंगामासाठी प्रत्येक चालकाला पाचच पॉवर युनिट (इंजिन, मोटरी आणि बॅटरी मिळून) होते, पुढे हा आकडा तीनवर आला; जास्त वापरलं तर शिक्षा. त्यामुळे कुठला भाग कधी बदलायचा हाही डावपेच झाला. २०१६ मध्ये मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचं इंजिन गेलं आणि अखेर रोझबर्ग फक्त ५ गुणांनी विजेता ठरला. २०२१ मध्ये ब्राझीलला हॅमिल्टनने पाचवं इंजिन घेतलं, सुरुवातीला पाच जागा मागे जाण्याची शिक्षा सोसली आणि शर्यत जिंकली. होंडानेही २०२२ साठी आखलेलं इंजिन त्याच वर्षी आणलं होतं. होंडाच्या इंजिनावर धावणाऱ्या रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपेन आणि हॅमिल्टन शेवटच्या शर्यतीला उतरले तेव्हा दोघांचे गुण समान होते, ३६९.५.

२०२६ च्या नियमांतून एमजीयू-एच वगळली गेली. ती महाग होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांना तिचा फारसा उपयोग नव्हता. नव्या उत्पादकांना तीच मोठी अडचण वाटत होती. एमजीयू-के ३५० किलोवॉटची झाली आणि पेट्रोल इंजिन सुमारे ४०० किलोवॉटवर आलं. बॅटरीच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळीत कोणत्याही क्षणी ४ मेगाज्यूलपेक्षा जास्त फरक चालत नाही. ४ मेगाज्यूल ३५० किलोवॉटने खर्च केले तर साडेअकरा सेकंदही पुरत नाहीत. धुराड्यातून येणारी वीज आता नाही, त्यामुळे सरळ रस्त्यावर ताकद कुठे खर्चायची आणि कुठे राखायची हा प्रश्न प्रत्येक लॅपला सोडवावा लागतो.