तोळ्याचं सोनं आणि किलोचे खिळे

"घरात थोडं सोनं असावं, वेळेला उपयोगी पडतं." कोकणातल्या कुठल्याही माजघरात हे ऐकायला मिळतं. त्यात चूक काही नाही. फक्त 'वेळ' या एका शब्दात दोन निरनिराळ्या वेळा कोंबल्यात, आणि दोन्हींना लागणारा धातू वेगळा आहे.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. आमचं घर दापोलीच्या बाजूला, तरी पडवीचे सगळे पत्रे आणि माजघरावरची निम्मी कौलं गेली. दुसऱ्या दिवशी वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर झाडं आडवी. बँक आणि एटीएम असून नसल्यासारखी. आईच्या पाटल्या ट्रंकेत सुखरूप होत्या, पण त्या सकाळी त्यांचं करायचं काय? सोनार स्वतःच आपली कौलं वेचत होता. वाडीत खरी श्रीमंती होती ती शेजारच्या भाऊंकडे: घर बांधताना उरलेले सात-आठ किलो खिळे, बायंडिंग वायरचं एक भेंडोळं आणि पत्र्याचे जे-हूक. भाऊंनी ते विकले नाहीत, आणि अगदी फुकट वाटले असंही नाही. कुणी दोन पायली तांदूळ आणून दिले, कुणी जनरेटरवर त्यांचा फोन चार्ज करून दिला, आम्ही त्यांच्या अंगणात पडलेला फणस तोडून बाजूला केला. तोळा, ग्रॅम हे शब्द आठवडाभर कुणाच्या तोंडी नव्हते.

तर एक ठेवीचा धातू आणि दुसरा अदलाबदलीचा. दोन्ही धातूच, दोन्ही घरातच ठेवायचे, म्हणून गल्लत होते.

ठेवीच्या धातूचा गुण बघायचा तर दिवेआगरलाच जावं. १९९७ साली तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा. खारी दमट माती, तीत कोण जाणे किती पावसाळे, तरी सोन्याला गंज नाही. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरांनी मुखवटा वितळवून टाकला. रूप गेलं, सोनं राहिलं. हेच सोन्याचं बळ आणि हीच त्याची जोखीम: ते कुजत नाही, आणि वितळलं की कुणाचं होतं हे सांगत नाही.

अदलाबदलीला मात्र हे बळ कामाचं नाही. तिथे समोरच्याला वस्तू बघताक्षणी ओळखता आली पाहिजे, लहान तुकड्यांत देता आली पाहिजे आणि आजच वापरता आली पाहिजे. सोनं तिन्हीत नापास. पाटलीचा दशांश कापून तांदूळ आणता येत नाही. शुद्धता बघायला सोनाराची कसोटी हवी. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो खरा, पण तो पडताळायचं बीआयएस केअर हे ॲप इंटरनेटवर चालतं. वादळानंतर इंटरनेट कुठलं?

मग लोक म्हणतात, चांदी ठेवा, ती सोन्याची सुटी मोड आहे. इथे आणखी एक गल्लत आहे. आमच्याकडे घरोघरी देवाच्या डब्यात जुने रुपये असतात आणि सरसकट सगळ्यांना 'राणीछाप' म्हणतात. व्हिक्टोरिया राणीचा, त्यानंतर सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. पण १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर तो निकेलचा झाला. वजन तेवढंच, डब्यात सगळे एकमेकांना चिकटलेले, आणि आपण मोजतो तोळ्याला तोळा. साल वाचल्याशिवाय मोजू नका. शिवाय चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. काळा रुपया बघून 'हे खोटं तर नाही ना' असं म्हणणाऱ्याशी आपत्तीत वाद घालत बसणार का?

कोकणात अदलाबदल नवी नाही. कोळीण मासळी देऊन तांदूळ न्यायची, लोहार-सुताराला बलुतं म्हणून भात मिळायचं, बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं द्यायची. या सगळ्यात धातू एकदाच दिसतो, आणि तोही पातेल्याच्या रूपात. धातू म्हणून धातूची कुणी अदलाबदल करत नव्हतं, वापरायची वस्तू म्हणून करत होतं. परदेशी माणसं संकटासाठी चांदीच्या छोट्या लगडी जमवतात असं वाचलं की मला भाऊंचे खिळे आठवतात.

उलट खिळ्यांना ठेव समजलात तर फसाल. खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे दोन पावसाळ्यांत तांबूस होतात आणि एकमेकांना धरून बसतात. संकट सरून दुकानं उघडली की त्यांची किंमत पुन्हा किलोच्या भावाने. तांब्या-पितळेची भांडी अधलीमधली: हंडा पाणीही धरतो आणि भंगारवाला वजनावर पैसेही देतो, पण घडणावळ देऊन नवा घेतलेला हंडा मोडीत घालताना ती घडणावळ बुडते.

सोन्याची वेळ आली ती नंतर. सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या होत्या, आणि सुपारी लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं जातात. त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शेतीबाहेरच्या कामासाठी सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. एरवी ही मर्यादा ७५ टक्के होती. आईच्या पाटल्या तेव्हा बँकेत गेल्या आणि दीड वर्षाने परत आल्या. जूनमध्ये निरुपयोगी असलेलं सोनं ऑगस्टमध्ये घर उभं करून गेलं.

ठेवीसाठी घ्यायचं तर मी वेढणी किंवा साधी पाटली घेईन, खड्यांचा हार नाही. मोडताना खडे वजनात धरत नाहीत, घडणावळ गेलेली असते, आणि घेताना भरलेला ३ टक्के जीएसटीही परत येत नाही. आपल्या घरांत लगडींपेक्षा दागिनेच जास्त, यामागे नुसती हौस नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने साध्या माणसाला सोन्याची लगड बाळगायला मनाई होती. तो कायदा १९९० मध्ये गेला, सवय राहिली.

आणि पडवीत एक पत्र्याचा डबा. त्यात तीन मापांचे खिळे, जे-हूक, वॉशर, बायंडिंग वायर, एक पक्कड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण पहिल्या दोन दिवसांत पाचशेची नोट मोडून देणारा कुणी भेटत नाही. खिळ्यांवर गाडीचं काढलेलं जुनं ऑइल ओततो. दर मे महिन्यात डबा उघडून बघतो. गेल्या वर्षी ऑइल सुकलं होतं आणि खालचे सगळे खिळे गंजून एक झाले होते. भाऊंकडून पुन्हा अर्धा किलो आणले, या खेपेला हापूसच्या दोन डझनांवर.