पेट्यांतले बाबासाहेब

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरात बाबासाहेबांनी आपले सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत मागून घेतली. सकाळी बाबासाहेब नव्हते. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, पण एप्रिल १९५६ ची तारीख घातलेली ती प्रस्तावना त्यात आलीच नाही. आंबेडकरी लेखक भगवान दास यांनी ती १९८० मध्ये लोकांसमोर आणली.

ही तर पूर्ण झालेल्या पुस्तकाची कथा. बाबासाहेब एका वेळी अनेक ग्रंथ हाती घेत. प्रकरणं टाइप करून घ्यायची, त्यावर हाताने दुरुस्त्या करायच्या, एखादं बाजूला ठेवून दुसऱ्याकडे वळायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे मागे उरली ती बहुतांशी अपुरी हस्तलिखितं. त्यांच्या पेट्या आधी दिल्लीत न्यायालयाच्या अभिरक्षकाकडे होत्या, पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे, म्हणजे मृतांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे आल्या. कागद राहिले, पण कुलपात.

ते कुलूप उघडावं म्हणून नागपूरच्या एका वकिलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. मागणी साधी होती: मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावं. या लिखाणाला राष्ट्रीय महत्त्व आहे, हे सांगायला कुणाला तरी कोर्टाची पायरी चढावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९७६ मध्ये राज्य सरकारने प्रकाशनासाठी समिती नेमली. संपादनाचं काम आलं वसंत मून यांच्याकडे. महसूल खात्यात नोकरी केलेला, नागपूरच्या वस्तीत वाढलेला हा माणूस. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या या मालिकेचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला, पण त्यात आधी छापलेलंच लिखाण होतं. पेट्यांतलं साहित्य वाचकांच्या हाती पडलं १९८७ पासून. तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातल्या क्रांती-प्रतिक्रांतीवरची अपुरी प्रकरणं आली, चौथ्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’, म्हणजे हिंदू धर्मातली कोडी.

‘रिडल्स’ची प्रकरणं सुटी होती. त्यांचा क्रम संपादकांना लावावा लागला. म्हणजे आपण वाचतो ते शब्द बाबासाहेबांचे, पण पुस्तकाची मांडणी काही अंशी संपादकांची. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. एका बाजूला खंडाची होळी, दुसऱ्या बाजूला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा. अखेर मजकूर राहिला, आणि ही मतं सरकारची नव्हेत अशी टीप आली. एकतीस वर्षं पेटीत पडलेले कागद बाहेर येताच लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले.

सगळंच काही त्या पेट्यांत नव्हतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातलं आठवणींचं टिपण त्यांनीच स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात होतं. बडोद्यात राहायला जागा न मिळालेल्या तरुणाची हकिकत त्यात त्यांनी स्वतः लिहिली आहे. सोसायटीने ते १९९० मध्ये छापलं, नंतर ते बाराव्या खंडात गेलं. त्यांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवन या संग्रहालयात आल्या, त्यामागे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वामनराव गोडबोले यांची धडपड होती.

खंड निघाले तरी ते मिळण्याची मारामार राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.