फायलीचं नाव लांब की फायलीचा पत्ता लांब? एरर सारखीच, भानगड वेगळी

चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या कुडाळच्या दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, चाकरमानी गावात उतरलेले असतात आणि वर्षभराची कागदपत्रांची कामं त्याच चार दिवसांत उरकायची असतात, कोणाचा सातबारा, कोणाचा फेरफार, कोणाची वारस नोंद. माझं झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. तर गेल्या खेपेला एक काका आले, हातात पेन ड्राइव, म्हणाले "माका सगळा ह्याच्यात घालून दी रे झिला, वकिलाक दाखवूचा हा". मी म्हटलं दोन मिनिटं बसा. ती दोन मिनिटं पुढे दीड तास चालली.

कॉपी सुरू केली, अर्धी झाली आणि मध्येच विंडोज अडलं. वर लिहिलेलं डेस्टिनेशन पाथ टू लाँग, आणि खाली साधारण असं की फायलींची नावं या फोल्डरसाठी फार लांब होतील, नाव छोटं करा नाहीतर छोटा पाथ असलेल्या जागी ठेवा. आता माणूस घाईत काय वाचतो? "नाव लांब, छोटं करा." एवढंच. मी बसलो नावं छोटी करायला. चाळीसेक फायली, एकेक करून. "कै. आजोबांच्या नावावरील..." वगैरेचं झालं स१, मग स२, मग स३. मध्ये एकदा लाइट पण गेली.

इथेच खरी चूक झाली आणि ती बहुतेक सगळे करतात म्हणून हे लिहितोय. फाइल सेव किंवा कॉपी होत नाही, कॉम्प्युटर म्हणतो लांब आहे, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे फायलीचं स्वतःचं नाव लांब. दुसरी म्हणजे फायलीचा अख्खा पत्ता लांब, ज्याला पाथ म्हणतात. मेसेजमध्ये दोन्हीकडे नावाचंच बोट दाखवलेलं असतं त्यामुळे आपण नावालाच झोडत बसतो.

आपल्याकडचंच बघा. घराच्या दारावर पाटी असते, त्यावर आडनाव. आणि पाकिटावर पत्ता असतो, घर नंबर, अमुक वाडी, चिंचेच्या बाजूला, मु. पो. अमुक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग. पाटीवर जागा किती ते वेगळं आणि पाकिटावर जागा किती ते वेगळं. पाटी इवलीशी असली तरी पत्ता पाकिटाबाहेर जाऊ शकतो.

विंडोजमध्ये पाटीची मर्यादा २५५ अक्षरं. म्हणजे एका फायलीचं किंवा एका फोल्डरचं नाव, मागच्या टिंब-पीडीएफसकट, २५५ पर्यंत चालतं. पेन ड्राइवमध्ये पण तेच. आणि पाकिटाची मर्यादा २६०. ही २६० मध्ये सगळं येतं, ड्राइवचं अक्षर, त्याच्या पुढचं कोलन, प्रत्येक उलटी तिरकी रेघ, वाटेतले सगळे फोल्डर आणि शेवटी फायलीचं नाव, शिवाय एक न दिसणारी शेवटाची खूण, म्हणून हातात खरे येतात २५९. फोल्डर बनवताना तर अजून कमी, २४८ च्या आत, कारण आत निदान विंडोजच्या आधीच्या जुन्या डॉसच्या पद्धतीचं, म्हणजे ८ अक्षरं, टिंब आणि ३ अक्षरं एवढं नाव मावायला जागा राखून ठेवलेली आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा, २५५ आणि २५९. जवळजवळ सारखेच की! गोंधळ होतो तो त्यामुळे पण. एकट्या नावाने २५५ गाठणं तसं मुश्किल, एवढं मोठं नाव कोण देतो, पण पाच-सहा फोल्डर एकात एक घातले की २५९ कधी संपतात कळत पण नाही. माझा अंदाज म्हणाल तर विंडोजवर अशी एरर आली की दहातल्या आठ-नऊ वेळा भानगड पत्त्याची असते, नावाची नसते. हा माझ्या काउंटरवरचा अनुभव, बाकी काही नाही.

ओळखायचं कसं ते सोपं आहे. तीच फाइल, नावाला अजिबात हात न लावता, डी ड्राइवच्या अगदी वरच्या पायरीवर टाकून बघा, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही. तिथे गेली तर नाव ठीक आहे, पत्ता लांब आहे. तिथेही नाही गेली तर नावातच खोट. डी ड्राइव नसेल तर सी मध्ये एकअक्षरी फोल्डर करून त्यात टाका, कारण सी च्या उघड्यावर विंडोज परवानगी मागत बसतं. दुसरी खूण म्हणजे नाव बदलताना तुम्ही टाइप करताय आणि एका अक्षरानंतर पुढचं अक्षर उमटतच नाही, कीबोर्ड बिघडला की काय वाटतं. कीबोर्ड बरा असतो, पत्ता भरलेला असतो.

काकांच्या पेन ड्राइवचं हेच झालेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात एक फोल्डर करून आणलेला, नाव "गावच्या घराचे आणि जमिनीचे सगळे कागद जपून ठेवणे". विंडोजच्या मोजणीने ४६ होतात, ती मोजणी कशी ते पुढे सांगतो. त्याच्या आत मी माझं एकात एक फोल्डरांचं अख्खं झाड टाकायला गेलो, वर्ष, गाव, कुटुंब, गट नंबर, हिस्सा, स्कॅन. माझ्याकडे डी मध्ये ते नीट मावत होतं, काकांचे ४६ वर चढले आणि तळाच्या फायली बाहेर पडल्या. आमचा भाचा तेवढ्यात आला, आयटीआयला आहे, त्याने दोन सेकंद बघितलं आणि काकांच्या फोल्डरचं नाव नुसतं "कागद" केलं. ४६ चे ४ झाले, ४२ ची बचत, आणि सगळी कॉपी धडाधड गेली. मी चाळीस नावं मारून बसलेलो, त्याने एक मारलं.

म्हणजे उपाय पण वेगळे आहेत, हे नीट धरा. पत्ता लांब असेल तर वरचा एखादा फोल्डर छोटा करायचा, त्याच्या खालच्या सगळ्या फायलींना एका झटक्यात फायदा होतो. किंवा मधली एखादी पायरीच काढून टाकायची. झिप उघडताना बघा, बऱ्याचदा फोल्डरच्या आत त्याच नावाचा फोल्डर होतो, तेच लांबलचक नाव दोनदा मोजलं जातं, ती पायरी तर फुकटचीच. पण नाव लांब असेल तर फोल्डर कितीही छोटे करा, काही उपयोग नाही, नावच कापायला लागतं. आणि उलट बघा, नावातली माहिती उचलून फोल्डरच्या नावात टाकली तर नावाची अडचण सुटते पण पत्ता तेवढाच राहतो, पाटीवरचं खोडून पाकिटावर लिहिल्यासारखं. मी आधी हाच शहाणपणा करायचो.

आता मराठीत नावं देणाऱ्यांसाठी खास गोष्ट, कारण ही कोणी सांगत नाही. कॉम्प्युटर आपली अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. आपण "श्री" हे एक अक्षर म्हणतो, विंडोज त्यात चार धरतं, श, पाय मोडायची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. "सिंधुदुर्ग" आपल्याला चार अक्षरं दिसतात, विंडोजला १० दिसतात. गंमत म्हणजे इंग्रजी स्पेलिंगची पण १० च होतात, त्यामुळे विंडोजवर मराठीत लिहून फार तोटा नाही. पण लिनक्सवाल्या मशीनवर (विंडोजऐवजी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम असते ती) किंवा अँड्रॉइड फोनच्या स्टोरेजमध्ये मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे साठवणुकीच्या मापाची असते, अक्षरांची नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. "सिंधुदुर्ग" तिथे ३० खातं. २५५ भागिले ३, म्हणजे शुद्ध मराठीत ८५ खुणा झाल्या की नाव खलास.

त्या चाळीसमधलं एक नाव मी नंतर मोजलं. "कै. आजोबांच्या नावावरील सामायिक जमिनीचा सातबारा उतारा व फेरफार नोंद मोठ्या काकांकडचा स्कॅन फायनल नवीन" आणि पुढे टिंब-पीडीएफ. विंडोजच्या हिशोबाने १०५, म्हणजे २५५ च्या निम्म्याहून कमी, आरामात मावतं, फक्त पत्त्यासाठी मागे १५४ उरतात एवढं लक्षात ठेवायचं. तेच नाव लिनक्सच्या हिशोबाने २७७ बाइट. नाही मावत! तर ही खरी नावाची एरर. तिथे पत्त्याला भरपूर जागा असते, ४०९६ बाइट, म्हणजे विंडोजच्या बरोब्बर उलट, विंडोजवर पत्ता आधी संपतो आणि लिनक्सवर मराठी नाव आधी संपतं. आणि तिथला मेसेज दोन्हीला एकच, फाइल नेम टू लाँग. "विंडोजवर चालतं, फोनवर का जात नाही" असं कोणी विचारलं की मी आधी नावातल्या काना-मात्रा मोजतो.

तिसरी एक भानगड आहे, ती लांबीची नाहीच पण लोक तिलाही नाव लांब समजतात. आपण सवयीने "७/१२" लिहायला जातो. ती तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही, तसंच कोलन, प्रश्नचिन्ह, फुली-चांदणी, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठ्याच्या खुणा आणि उलटी तिरकी रेघ. तारखेतही तेच, १२/०६ लिहिलं की अडलं. म्हणून दुकानात सगळे "सातबारा" अक्षरात लिहितात नाहीतर मध्ये आडवी रेघ. शेवटी टिंब पण टिकत नाही, फोल्डरला "ता. कुडाळ जि." नाव दिलं तर शेवटचं टिंब विंडोज गुपचूप गिळतं. आणि कन्स्ट्रक्शनवाल्यांचा फोल्डर म्हणून इंग्रजीत नुसतं सी-ओ-एन लिहून बघा, होत नाही, ते नाव डॉसच्या जमान्यापासून राखीव आहे.

एक्सेलचं अजून निराळंच तंत्र. बाकी सगळं २५९ पर्यंत चालत असताना एक्सेल २१८ लाच हात वर करतं, नाव आणि पत्ता मिळून. आंब्याच्या सीझनला एका बागायतदाराच्या पेट्यांच्या हिशोबाची फाइल अशीच उघडेना, त्याला वाटलं व्हायरस. फाइल ठणठणीत होती, दोन पायऱ्या वर आणून ठेवली आणि उघडली.

मग आधी मावलेली फाइल नंतर कशी काय अडते, असं विचारतात. बहुतेकदा कोणीतरी वरच्या फोल्डरचं नाव वाढवलेलं असतं, आणि वरचं नाव बदलताना विंडोज खालच्या सगळ्या फायलींचा पत्ता तपासत बसत नाही. किंवा ऑफिसात दुसऱ्या मशीनवरून झेड ड्राइव म्हणून जोडलेला फोल्डर असतो, तिथे पत्ता झेड पासून मोजला जातो म्हणून छोटा, मूळ मशीनवर तोच डी पासून मोजला की लांब. हीच युक्ती आपल्या कामाला पण येते, कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत, सब्स्ट नावाची कमांड आहे, तिने खोल फोल्डरला तात्पुरतं ड्राइवचं अक्षर देता येतं, मग आत शिरून हवं ते हलवा, पुसा. पुसलं न जाणारं फोल्डर असेल तर वरच्या पायऱ्यांची नावं आधी एकेक अक्षराची करा, मग पुसा.

विंडोज १० मध्ये २०१६ च्या अपडेटपासून २६० ची अट उठवायची सेटिंग आहे, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, लाँग पाथ्स एनेबल्ड नावाने, आकडा १ करायचा. मी केलेली आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका, कारण सेटिंगबरोबर तो प्रोग्रॅमही तसा बनवलेला लागतो, आणि आपण ज्यातून कॉपी-पेस्ट करतो तो फाइल एक्सप्लोररच अडून राहतो. शिवाय ती सेटिंग नावाच्या २५५ ला शिवत पण नाही, फक्त पत्त्याची आहे. आणि माझ्या मशीनवर चाललं तरी गिऱ्हाइकाच्या मशीनवर काय ते आपल्या हातात नाही.

आता मी झाड तीन पायऱ्यांचंच ठेवतो, गाव, कुटुंब, वर्ष, आणि नावात गट नंबर व कागदाचा प्रकार. बाकी कोणाकडचा, कधीचा, कितवा स्कॅन ते एका वहीत.

काकांच्या फायली मात्र स१, स२, स३ अशाच मुंबईला गेल्या, कारण लाइट गेल्यावर जुनी नावं परत आणायचा मार्गच बंद झालेला आणि तोवर बाहेर रांग लागलेली. अनंत चतुर्दशी झाली आणि तिसऱ्या दिवशी फोन. "झिला, ह्या स१७ म्हणजे कोणाचा रे?" मी म्हटलं काका, उघडून बघतो आणि सांगतो. आतापर्यंत बावीस सांगून झालेत.