जिवाणूंमधलं वार्धक्य आणि पेशी-पेशींतला फरक

एकाच पेशीपासून वाढलेले, जीन्स अगदी सारखे असलेले जिवाणू घेतले तरी त्यांचा वाढीचा वेग, प्रोटीनचं प्रमाण, मरायची शक्यता हे सगळं पेशीगणिक वेगळं निघतं. यातला जो भाग पेशीच्या वयाशी जोडता येतो त्याला जिवाणूंचं वार्धक्य म्हणतात. आधी बराच काळ असंच धरून चालायचे की जिवाणू मधोमध दुभंगतो, दोन्ही पिल्लं सारखीच, मग म्हातारं होणार कोण? या समजाला तडा गेला तो बहुधा २००३ मध्ये. कॉलोबॅक्टर क्रेसेंटस या जिवाणूचं विभाजन उघडउघड असमान असतं, देठवाली पेशी चिकटून बसते आणि दुसरी पोहत निघून जाते. अकरमन, स्टर्न्स आणि येनाल यांनी दाखवलं की देठवाली पेशी वयाबरोबर पिल्लं कमी देते.

खरा वाद ई. कोलायवर आहे. हा दांडीसारखा जिवाणू तुटला की प्रत्येक पिल्लाला एक टोक नवं (जिथे तुटला ते) आणि एक आधीपासूनचं मिळतं, म्हणजे दर पिढीत कुणाकडे तरी सगळ्यात जुनं टोक जातंच. २००५ मध्ये एरिक स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी मायक्रोस्कोपखाली सुमारे ३५,००० पेशींचा माग काढला आणि जुन्या टोकाच्या पेशी हळू वाढतात असं मांडलं. पण २०१० मध्ये 'मदर मशीन' आलं. यात एका बाजूने बंद असलेल्या बारीक नळ्या असतात, बंद टोकाला आई-पेशी अडकून राहते आणि पिल्लं पोषकद्रव्याच्या प्रवाहात वाहून जातात. तिथे शेकडो पिढ्या होऊनही आईचा वाढीचा वेग उतरला नाही, मरायचं प्रमाण मात्र वयाबरोबर वाढलेलं दिसलं. मग खरं काय? २००५ च्या प्रयोगात प्रकाशाचा वगैरे ताण पेशींवर आला असावा असं काहींचं म्हणणं, तर काहींच्या मते फरक असतोच पण तो एका पातळीला येऊन स्थिरावतो, आणि ताण वाढला तरच घसरण चालू राहते. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण त्यात दोन्ही निरीक्षणं बसतात.

जुन्या टोकाला साचतं काय, तर बिघडलेल्या प्रोटीनचे गोळे. पेशीच्या मधल्या भागात डीएनए असतो, मोठ्या गोळ्याला तिथे जागा मिळत नाही, तो टोकाकडे ढकलला जातो आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहतो. हे गोळे निव्वळ कचरा म्हणायचे का, यावरही एकमत नाही.

वय बाजूला ठेवलं तरी फरक उरतोच. एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकाच पेशीत दोन रंगांची चमकणारी प्रोटीनं घालून दाखवलं की जीन चालू-बंद होण्यातच योगायोगाचा वाटा असतो. व्यवहारात याचं महत्त्व अँटिबायोटिकमुळे. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच नोंदवलं होतं की पेनिसिलिनमधून स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या थोड्या पेशी वाचतात आणि त्यांची पिल्लं पुन्हा औषधाने मरतात, म्हणजे हा रेझिस्टन्स (पिढ्यांत उतरणारा औषध-प्रतिकार) नव्हे. २००४ मध्ये नताली बालबन यांच्या गटाने ई. कोलायच्या काही म्युटंट जातींत दाखवलं की वाचणाऱ्या पेशी औषध यायच्या आधीपासूनच संथ किंवा थांबलेल्या असतात.

मायकोबॅक्टेरियममध्ये जुन्या टोकाचं गणित ई. कोलायच्या उलटं आहे. हा जिवाणू टोकांकडून वाढतो आणि जुनं टोक आधीच वाढतं असतं, त्यामुळे ते मिळालेलं पिल्लू जास्त भराभर लांबतं. अशा दोन पिल्लांची अँटिबायोटिकपुढे टिकण्याची क्षमताही वेगळी असल्याचं २०१२ च्या एका अभ्यासात मांडलंय.