चालती व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर जाते कशी?

डेटा सेंटरमधल्या एखाद्या सर्व्हरची रॅम कुरकुरू लागली, की तो बंद करून उघडावाच लागतो. पण त्याच यंत्रावर डझनावारी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालू असतात: एकीवर रुग्णालयाच्या नोंदी, दुसरीवर दुकानाची बिलं. तरीही भर दुपारी तो सर्व्हर रिकामा करता येतो आणि वापरणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. संगणकशास्त्रातल्या इतक्या देखण्या युक्त्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

हायपरव्हायजर हे सॉफ्टवेअर खऱ्या प्रोसेसरचा आणि मेमरीचा वाटा प्रत्येक व्हीएमला देतं. डिस्क बहुधा सगळ्या सर्व्हरना दिसणाऱ्या सामायिक स्टोरेजवर असते, म्हणजे ती जागची हलत नाही. हलवायची ती मेमरी आणि प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती. खरी अडचण मेमरीची, कारण कॉपी चालू असतानाच ती बदलत राहते.

मेमरी छोट्या समान तुकड्यांत विभागलेली असते, त्यांना पानं म्हणतात. १६ जीबी मेमरी म्हणजे ४ केबीची सुमारे ४२ लाख पानं. १० गिगाबिटच्या नेटवर्कवर ती पाठवायला साधारण १४ सेकंद लागतात. पहिल्या फेरीत सगळी पानं जातात, पण त्याआधी हायपरव्हायजर ती लिहिण्यासाठी बंद करतो. व्हीएमने एखाद्या पानावर लिहायचा प्रयत्न केला, की तो मध्ये पडतो, पानावर खूण करतो आणि मग लिहू देतो. दुसऱ्या फेरीत फक्त खुणेची पानं जातात. समजा, ती एक दशांश निघाली, तर ही फेरी दीड सेकंदाच्या आत संपते. तेवढ्या वेळात आणखी कमी पानं बदलतात. उरलेली मूठभर पानं आणि प्रोसेसरची स्थिती पाठवण्यापुरतीच व्हीएम थांबते. २००५ साली केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन नावाच्या हायपरव्हायजरवर हा थांबा ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणून दाखवला. नव्या जागी जागी झालेली व्हीएम आपला पत्ता नेटवर्कवर पुकारते, स्विच वाट बदलतात आणि जोडण्या तुटत नाहीत.

पण एखादा डेटाबेस सेकंदाला सव्वा जीबीहून जास्त मेमरी बदलत असेल, तर या फेऱ्या कधीच संपणार नाहीत. अशा वेळी व्हीएमचा प्रोसेसर मुद्दाम मंद करतात. दुसरा उपाय म्हणजे व्हीएम आधी पलीकडे सुरू करायची आणि लागतील तशी पानं मागून आणायची. यात मधेच नेटवर्क तुटलं, तर अर्धी मेमरी इकडे, अर्धी तिकडे राहते आणि व्हीएम कोसळते. महत्त्वाच्या डेटाबेससाठी मी मंद करण्याचाच मार्ग धरेन.

आणखी एक अट आहे. चालू असलेला प्रोग्राम नव्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरत असेल, तर त्या नसलेल्या जुन्या सर्व्हरवर तो बंद पडेल. म्हणून व्हीएम तयार करतानाच तिला क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातल्या, सर्वांत जुन्या प्रोसेसरला जमतील एवढ्याच सूचना दाखवाव्या लागतात. नंतर यात बदल करायचा, तर ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.